न उचलायचा फोन

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी फलाटाला लागत होती, मागून लोक ढकलत होते, आणि तेवढ्यात पर्समधला फोन एकदा वाजून गप्प झाला. एकच रिंग, तीही धड पुरी नाही. माझा हात पर्सकडे गेला नाही; उलट खांदे सैल पडले, पोटात ऊब आली आणि मनातल्या मनात मी म्हणाले, हो तात्या, पोचले, जेवलेसुद्धा. मग पाठीत कुणाच्या तरी पिशवीचा कोपरा रुतला आणि भानावर आले. सकाळची वेळ होती, मी कुठेही पोचले नव्हते, आणि माझ्या वडिलांची, तात्यांची, रिंग यायची बंद होऊन तीन वर्षं उलटून गेली होती. खिडकीशी जागा मिळाल्यावर फोन काढून पाहिला. अनोळखी नंबर. कुणाचा तरी चुकून लागला असेल म्हणून ठेवून दिला. पण अंग ऐकेना. ते अजून कुणीतरी विचारपूस केल्यासारखं सुखावून बसलं होतं. चाळिशीला टेकलेली बाई अर्ध्या रिंगेने अशी परकरातली पोर होते हे काही बरं लक्षण नाही, असं स्वतःला बजावून मी बाहेर बघत बसले. आज तर सुखावण्यासारखं काहीच नव्हतं. मी निमगाव केतकीला निघाले होते ते तिथल्या बायकांना दिलेले फोन परत गोळा करून आणायला, आणि ते परत आले की माझं तीन वर्षांचं काम त्यांच्याबरोबरच पोत्यात जाणार होतं.

बारामतीच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे आम्ही मोजक्या माणसांनी फोनच्या आतली प्रणाली तयार केली. बाहेरून बटणांचा साधा फोन, आतून मात्र सगळी वेबची पानं. घड्याळ हे एक पान, नंबर लावायची जागा हे एक पान, हवामान, बाजारभाव, विहिरीवरची मोटार चालू-बंद करणं, सगळी पानंच. ज्या साध्या सामानातून कुणीही आपली वेबसाइट बांधतं त्याच सामानातून आमचा अख्खा फोन बांधलेला. त्यामुळे महागाचे भाग लागत नाहीत, आणि एखादी गोष्ट बदलायची तर फोन दुकानात न्यावा लागत नाही. पान बदललं की फोन बदलला. या प्रणालीचं नाव ओसरी. नाव मी सुचवलं. बाहेरचं माणूस येतं, टेकतं, पाणी पितं, निघून जातं. पार माजघरात शिरत नाही. आमचे विजयसिंह सर, ज्यांच्या हातात ऑफिस चालू ठेवणं किंवा बंद करणं आहे, त्यांना ते नाव आधी गावठी वाटलं होतं. मग एका मोठ्या पाहुण्याने वा वा केल्यावर ते त्यांनाच सुचलं होतं असं ठरलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पोर आपलं असलं म्हणजे बारशाचा मान कुणाला का मिळेना. पंधरवड्यापूर्वी निमगावच्या मारुतीपुढे मंडप घालून ओसरीची ओळख करून दिली तेव्हाही सरच बोलले, बराच वेळ बोलले, आणि 'डिजिटल' हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला पेंग आली. मी शेवटी उभी राहिले. समोर पानमळ्यात विड्याची पानं खुडणाऱ्या झुंबरबाईंची टोळी बसली होती. त्यांच्यासाठी मी मुद्दाम एक पान केलं होतं, 'उद्याचा खुडा'. कुठल्या मळ्यात खुडा आहे ते झुंबरबाई संध्याकाळी त्यावर टाकणार. प्रत्येक बाईने ते उघडायचं, येणार असेल तर मधलं मोठं बटण दाबायचं, बरोबरची खूण उमटेपर्यंत थांबायचं. एवढंच. मी तीन-तीनदा सांगितलं. बायका माना डोलावत होत्या. झुंबरबाईंनी उठून प्रत्येक फोनला हळदीकुंकू लावलं, आणि त्या लाल बोटाच्या ठशाकडे बघताना मला त्या बायकांच्या मागे, खांबाला टेकून उकिडवे बसलेले तात्या दिसत होते.

तात्या म्हणजे सांगवीचे रामहरी, नीरेकाठचे माळवं पिकवणारे, भेंडी-दोडक्यात जन्म गेलेले. बोलायचं काम आईचं होतं. आई गेली तेव्हा मी पुण्याला कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये होते, आणि दिवस झाल्यावर मला परत सोडायला तात्या स्टँडपर्यंत आले. गाडी हलेपर्यंत एक शब्द नाही. हलल्यावर खिडकीचा गज धरून चालता चालता म्हणाले, "पोचलीस की मिसकॉल दे. म्या बी रोज दीन." तेवढ्यावर आमचं बापलेकीचं पुढचं सगळं चाललं. रोज दिवेलागणीला एक रिंग. तिचा अर्थ ठरलेला होता, कुणी ठरवला नसला तरी: मी रानातनं आलोय, हितं समदं बरं हाय, तू जेव. मग मी एक रिंग द्यायची: जेवते, मीही बरी आहे. कट होऊन लगेच दुसऱ्यांदा वाजला तर मात्र उचलायचा, म्हणजे काहीतरी काम आहे. खोलीतल्या मुली हसायच्या, तुझा बाप काय कोंबडा आहे का ठरल्या वेळेला आरवायला. हसू देत. परीक्षेच्या दिवसांत, ताप आला होता तेव्हा, आणि पहिल्या नोकरीत कुणी ओळखदेख देत नव्हतं तेव्हा, ती अर्धी रिंग हेच माझं घर होतं. एकदा फोन हातातच होता. वाजला आणि अंगठा बटणावर पडून उचलला गेला. पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटा, मोटारीचा आवाज, आणि तात्यांचा श्वास. मी म्हटलं, "तात्या." ते इतके गडबडले की जणू त्यांना कुणी उघड्या अंगाने पाहिलं. "उचललास कशाला?" म्हणाले, आणि कट. पैसे पडतील म्हणून असेल. पण मला वाटतं पैशाचं निमित्त होतं; रिंगेत ते जे बोलत होते ते तोंडाने बोलावं लागेल याची त्यांना धास्ती वाटली. त्या दिवशीही मला राग आला नाही. फक्त एवढं कळलं की काही माणसांचा आवाज ऐकायचा तर फोन उचलायचा नसतो.

गाडी काटेवाडी सोडून पुढे आली होती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ढोबळी मिरचीची पांढरी शेडनेटं, कालव्याच्या पाण्यावर सकाळचं ऊन. शेजारी बसलेली बाई आपल्या नातीशी व्हिडिओवर बोलत होती, नातीपेक्षा स्वतःचंच तोंड जास्त बघत होती. मला हसू आलं आणि लगेच कसंतरी झालं. तात्यांनाही असंच काचेसमोर बसवतो आम्ही. माझ्या भावाने, ऋषिराजने, मोठ्या हौसेने त्यांना काचेचा फोन आणला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. मोटार चालू करायचा नवा डबा जुन्या फोनवर चालेना, बाजारभाव दिसेनात, नातवंडांचे फोटो उघडेनात, आणि दोन दोन फोन सांभाळण्याइतके खिसे तात्यांच्या अंगरख्याला नाहीत. जुना बटणांचा फोन फडताळात गेला. पण काचेला तात्यांचं बोट कळेना. आयुष्यभर माती, खुरपं आणि भेंडीची कूस यांनी त्यांच्या बोटांची टोकं अशी घासून गेलीत की त्यांवर रेघ म्हणून उरलेली नाही; कोरडी, जाड, लाकडासारखी. ते बोट टेकवतात, काच निवांत. दोनदा टेकवतात, काच निवांत. मग नोटा मोजताना करतात तसं बोट जिभेला लावून फिरवतात, आणि भलतंच काहीतरी उघडतं, कुणीतरी नाचायला लागतं. एकदा मी समोर होते. त्यांनी फोन उलटा करून चटईवर ठेवला आणि साधेपणाने म्हणाले, "ह्येला मी हाय ह्येच कळत न्हाय." त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडत नाही म्हणतात तशा सुरात म्हणाले. त्या दिवसापासून दिवेलागणीची रिंग गेली. आता ऋषिराज लावून देतो, तात्यांचं अर्धं कपाळ आणि घराचं आढं दिसतं, "बरं हाय. ठेवतो," एवढं ऐकू येतं. ओसरीचं सगळं काम मी ऑफिसात मोठमोठ्या कारणांनी पुढे रेटलं, खेडोपाड्याची सोय, स्त्रिया, शेतकरी, वगैरे. कारणं खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर मला एका माणसाच्या बोटाला ओळखणारा फोन हवा होता, ज्यात मोटारही चालेल, नातवंडंही दिसतील आणि एक रिंग देऊन कटही करता येईल.

आणि तोच फोन निमगावात आपटला होता. झालं असं की 'उद्याचा खुडा' या पानावर कुणीच 'येते' म्हणेना. झुंबरबाईंच्या फोनवर सगळ्या नावांपुढे कोरं. त्यांनी दोन-तीन दिवस घरोघर फिरून विचारलं. चौथ्या दिवशी पाय दुखत होते म्हणून फोनवर भरवसा ठेवला आणि मळ्याच्या मालकाला कळवून टाकलं की उद्या माझ्या बायका नाहीत. मालकाने पलीकडच्या गावातून दुसरी टोळी आणली. आणि सकाळी बघतात तर झुंबरबाईंच्या झाडून सगळ्या बायका बांधावर हजर. दोन टोळ्या समोरासमोर, तोंडाला तोंड, आणि मध्ये झुंबरबाई. माणसं हिचीच असून हिला त्यांचा पत्ता नाही, असं मालक चार लोकांत म्हणाला म्हणे. इकडे ऑफिसात विजयसिंह सरांनी पडद्यावर आलेख लावला आणि पेन त्यावर टकटक वाजवत म्हणाले, "बघा मॅडम. उघडतात आणि बंद करतात. रोज. उघडतात, बंद करतात. याचा अर्थ त्यांना हे नकोय." फोन परत आणायचं काम माझ्याकडे आलं. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य परत परत कानाशी येत होतं आणि दर वेळी काहीतरी डाचत होतं. नकोसं असतं ते माणूस एकदा उघडतं, दोनदा उघडतं, मग उघडत नाही. या बायका रोज उघडत होत्या. रोज न चुकता उघडून लगेच बंद करत होत्या. एखाद्याच्या दारावर रोज टकटक करायची आणि दार उघडायच्या आत निघून जायचं, असं कोण करतं? लासुर्णे मागे पडलं तरी मी तेच उलटसुलट करत होते.

झुंबरबाईंच्या दारात मी उभी राहिले तेव्हा त्या चकित झाल्या. साठीच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "आगं बया, तू आलीस व्हय," म्हणाल्या, "मला वाटलं येत न्हाईस."

"कालच ऑफिसच्या फोनवरून कळवलं होतं की मावशी, येते म्हणून."

"काल म्हनलीस. पर आज सकाळी मिसकॉल दिला हुता तुला, निघालीस का म्हून. परत रिंग आली न्हाय तुझी. म्हनलं, न्हाय जमलं वाटतं पोरीला." मग जरा अवघडून म्हणाल्या, "फोन अजून गोळा न्हाय केलं. समद्या मळ्यात हायेत. चल, तितंच द्या म्हनू त्यास्नी."

म्हणजे स्टँडवरची ती रिंग यांची. मी काहीतरी विसरल्यासारखी त्यांच्या मागून चालू लागले. वाटेत त्या आपलं दुःख सांगत होत्या, आवाज न चढवता. "तुझ्यावर राग न्हाय, ताई. तू चांगल्यासाठीच केलंस. पर माझी पत गेली. बायका म्हनत्यात आमी निरोप दिला हुता. म्या म्हनते मला आला न्हाय. आता खरं कुनाचं? एका ताटात जेवलेल्या बायका, कुनी कुनाकडं बघंना." मी व्हय-न्हाय करत राहिले. ऐकत होते आणि नव्हते. मनात सारखं येत होतं: परत रिंग आली नाही म्हणून, न्हाय जमलं वाटतं.

पानमळ्याच्या तोंडाशी चपला काढाव्या लागतात. आत लक्ष्मी असते म्हणतात. अनवाणी पाय ओल्या गार मातीत टेकले आणि बाहेरचं ऊन एकदम मिटलं. शेवरीच्या सरळ खोडांवर चढलेले वेल, हिरवा ओलसर उजेड, तिखट गोड वास. रांगांमधून बायका पुढे सरकत होत्या. प्रत्येकीच्या अंगठ्यावर पत्र्याचं नख चढवलेलं; त्या नखाने देठ टचकन तुटतो, आणि मळाभर तो बारीक टचटच आवाज भरून होता. मुक्ताबाई नावाची एक बाई जवळ होती, माझ्याच वयाची, डोक्याला फडकं बांधलेली. तिला मी फोन मागितला. "देते की," म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीतून काढून, द्यायच्या आधी सवयीने, पत्र्याच्या नखानेच दोन बटणं दाबली. काचेला हे नख कधी कळलं नसतं, बटणाला कळलं. पडद्यावर 'उद्याचा खुडा' उगवायला लागलं, हिरवी पट्टी दिसली, नावं अजून यायची होती. आणि टच्. तिने लाल बटण दाबून पान बंद केलं आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"हे आत्ता काय केलंस?"

"उद्याचं कळवलं," ती म्हणाली. "म्हनलं फोन जायचाय, तर त्येच्या आदी कळवून टाकू. येनार हाय म्हून."

"पण मधलं बटण दाबलं नाहीस. खूण येईपर्यंत थांबली नाहीस."

मुक्ताबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाई शिकलेली दिसते, पण हिला साधी रीत कशी ठाऊक नाही. "थांबायचं कशाला? लावला, वाजला, कट केला. जादा येळ धरला तर तिकडचा मानूस उचलल की." मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "मिसकॉल असाच द्येत्यात, ताई."

मी तिथेच मातीत बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि दोन्ही एकदम येताना तोंडाचं काय करायचं ते सुचेना. उघडतात आणि बंद करतात. अहो विजयसिंह सर, बायका रोज निरोप देत होत्या. सगळ्या देत होत्या, नेमाने, जसा वर्षानुवर्षं देत आल्या तसा: झुंबरबाईंनी रिंग द्यायची, येणारीने परत रिंग द्यायची, न येणारीने द्यायची नाही. बरोबरची खूण, थांबा, मधलं बटण, हे सगळं माझं. मी ऑफिसात बसून बांधलेलं. आणि मी कोण, तर जी अर्ध्या रिंगेवर मोठी झाली, जिला आज सकाळीसुद्धा स्टँडवर एका रिंगेने घर आठवलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर एक वेळ ठीक. आजूबाजूच्या बायका खुडा थांबवून बघत होत्या. झुंबरबाई घाबरल्या, "चक्कर आली का गं? पानी आना कुनीतरी." मी मान हलवली आणि विचारलं, "मावशी, एखादीला यायचं नसेल आणि तिने नुसतं बघायला म्हणून पान उघडलं तर?" उत्तर मुक्ताबाईने दिलं. "येत नसल तर उघडायचं कशाला?" म्हणजे पान उघडलं हेच 'येते'. एवढ्या एका वाक्यावर माझं सगळं अडलेलं सुटलं.

पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप होताच. फोन मोजून बंद करायला म्हणून आणला होता. मळ्याच्या तोंडाशी, चपलांच्या राशीजवळ, पाटी उपडी घालून त्यावर तो ठेवला आणि कामाला बसले. ओसरीत सगळी पानंच आहेत याचं सुख मला त्या दिवशी पुरतं कळलं. कारखाना नको, दुकान नको, कुणाची परवानगी नको. एखादं पान मिटताना त्याला एक शेवटचा श्वास असतो. तेवढ्यात ते एक छोटा निरोप पाठवून देऊ शकतं. आजवर मी तो श्वास वाया घालवत होते. आता सांगितलं, लाल बटण दाबलं की हिचं नाव घेऊन जा आणि तिकडे 'येते' म्हण. दुसरं काही विचारू नकोस, थांबवू नकोस. नेट रेंगाळत होतं, एकदा अर्ध्यात तुटलं, माझ्या पाठीला घाम आला. बायका आपल्या कामाला लागल्या होत्या, पण टचटच जरा हळू पडली होती, कान माझ्याकडे होते. मग मी मुक्ताबाईला हाक मारून तिचा फोन तिच्या हातात दिला. तिने पत्र्याच्या नखाने पान उघडलं, नवं पान आलं, तिने कट केला. झुंबरबाई आपला फोन दोन्ही हातांत, आरतीचं ताट धरावं तसा धरून उभ्या होत्या. त्यांच्या फोनने एक बारीक टुण् केलं. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. "मुक्ती येती," म्हणाल्या. मग मळ्याच्या आतून कौसल्या नावाची कुणी ओरडली, "माझं बी बघा." टुण्. मग आणखी एक. झुंबरबाईंनी फोन पदराने पुसला, वर बघितलं आणि टोळीला म्हणाल्या, "म्हंजी तुमी खरंच देत हुता गं." मुक्ताबाईने एक कोवळं पान पुसून त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते खाल्लं, एवढंच झालं, पण इतक्या दिवसांचं अवघडलेपण त्याने गेलं असावं.

मी सरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं ते असं, "सगळे फोन मिळाले?" मी म्हटलं, "नाही सर. त्या आता द्यायला तयार नाहीत." मग मी सगळं सांगितलं, भरभर, मध्ये श्वास न घेता. ते म्हणाले, "म्हणजे आपला आलेख बरोबर होता, आपण तो उलटा वाचला." 'आपण' म्हणाले, हे मी लक्षात ठेवलं. "सोमवारी बोलू. तोवर राहू दे त्यांच्याकडे." पक्कं वचन नव्हतं ते. पण बंद करू म्हणाले नाहीत. सोमवारपर्यंत ओसरी जिवंत होती, आणि टोळीला वाटून उरलेला एक जादा फोन तसाच माझ्या पिशवीत होता.

बारामतीला उतरून घरी न जाता मी तशीच सांगवीची गाडी धरली. ऊन कललं होतं. तात्या भेंडीच्या रानातून येऊन पडवीत हातपाय धूत होते. मला बघून त्यांनी नुसती भुवई उचलली, म्हणजे अवचित कशी? काचेच्या फोनमधलं त्यांचं सिम घालून मी नवा फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओले हात धोतराला पुसले, तो उलटसुलट करून पाहिला, एक बटण दाबलं. फोनने ऐकलं. दुसरं दाबलं. तेही ऐकलं. मी दाखवत गेले: ही मोटार, हा भाव, ही नातवंडं, आणि हे एक नंबरचं बटण धरून ठेवलं की मी. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मला वाटलं होतं काय नि काय. गाडीत बसून मी ते दृश्य मनाशी कितीतरी वेळा रंगवलं होतं. त्यांनी फोन अंगरख्याच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "चहा घे. शेवटची गाडी जाईल." ऋषिराज म्हणाला, "काचेचा काय करायचा मग?" तात्या म्हणाले, "तुझ्या पोरांना नाचाय दे." तेवढंच. गाडीपर्यंत ते सोडायला आले आणि गाडी हलल्यावर हातसुद्धा केला नाही. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. दिवसभराचा शिणवटा होता आणि अंगाला अजून पानमळ्याचा वास येत होता.

बारामतीत माझ्या जिन्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा दिवे लागले होते. पहिल्याच पायरीवर थांबून मी तात्यांना एक रिंग दिली आणि कट केला. पोचले. मग तशीच उभी राहिले. समोरच्या दुकानात पोरं आइस्क्रीम खात होती, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. फोन वाजला. पडद्यावर तात्या. मी डोळे मिटले आणि कट व्हायची वाट बघू लागले. पण तो कट झाला नाही. वाजतच राहिला, दुसरी, तिसरी, चौथी रिंग, आणि मी आपली फोन हातात धरून उभी, बटण कुठलं ते माहीत असून. इतक्या वर्षांची सवय, हात पुढे होईना. मनात आलं, बटण अडकलं असेल, कट करायचं त्यांना कळत नसेल, उद्या जाऊन दाखवावं लागेल. रिंग आपोआप संपली. मी जिना चढणार तेवढ्यात पुन्हा वाजला. आता मात्र दोनदा म्हणजे काम, आणि मी उचलला.

"तात्या? काय झालं?"

पलीकडे रातकिडे होते, आणि तात्यांचा श्वास.

"उचलीत का न्हाईस?" तात्या म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही कट कराल."

"न्हाय. कट न्हाय करायचा. मगाशी ऋषी हुता, समदी हुती. इचारायचं राहिलं. तू दिसभर कुठं हुतीस, त्या फोनचं काय झालं, म्हंजी..." शब्द सापडेना म्हणून घसा खाकरला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, बरं, ठेवतो. ते म्हणाले, "बोल की. बसलोय मी."

मी चपला काढल्या, जिन्याच्या पायरीवर बसले आणि निमगावच्या पानमळ्यापासून सुरुवात केली.